एकच खडा किती वेळा चोरायचा? ‘द हॉट रॉक’: कादंबरी ते सिनेमा

एक मौल्यवान खडा आणि तो चोरायला निघालेली सराईत टोळी. बेत पक्का आहे, माणसं कामाची आहेत, चोरी होतेसुद्धा. फक्त खडा हाती लागत नाही. मग तोच खडा दुसरीकडून चोरायचा. तिथेही तेच. मग तिसरीकडून. ‘द हॉट रॉक’ची सगळी गोष्ट एवढ्यावर उभी आहे. डोनाल्ड वेस्टलेकची कादंबरी १९७० मध्ये आली आणि पीटर येट्सने दिग्दर्शित केलेला सिनेमा १९७२ च्या जानेवारीत. पटकथा विल्यम गोल्डमनची, मुख्य भूमिकेत रॉबर्ट रेडफर्ड, सोबत जॉर्ज सीगल, रॉन लीबमन, पॉल सँड आणि झीरो मोस्टेल, संगीत क्विन्सी जोन्सचं. एवढी नावं एका पोस्टरवर असूनही सिनेमाने तिकीटबारीवर अपेक्षेइतकी कमाई केली नाही. तरी कादंबरीवरून विनोदी दरोडापट कसा करावा आणि कुठे हात आखडता घ्यावा, हे पाहायला याच्याइतकं सोयीचं प्रकरण मला दुसरं सापडत नाही.

पुढे शेवटासकट सगळं सांगणार आहे. सिनेमा बघायचा राहिला असेल तर आधी तो बघा.

पार्करच्या हातून सुटलेली गोष्ट

वेस्टलेक बऱ्याच टोपणनावांनी लिहायचा. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव रिचर्ड स्टार्क. या नावाने त्याने १९६२ पासून पार्कर नावाच्या दरोडेखोराच्या कादंबऱ्या लिहिल्या. पार्कर कामापुरतं बोलतो, विनोद करत नाही, आणि कोणी फसवलं तर त्याला सोडत नाही. पहिल्याच पार्कर कादंबरीवरून १९६७ मध्ये जॉन बूरमनने ली मार्विनला घेऊन ‘पॉइंट ब्लँक’ काढला. त्यात मार्विनचा चेहरा सबंध सिनेमाभर दगडासारखा आहे, आणि तो तसाच असायला हवा.

‘द हॉट रॉक’ सुरू झाली ती पार्करची कादंबरी म्हणूनच. एकच वस्तू पुन्हा पुन्हा चोरावी लागते, ही कल्पना वेस्टलेकला सुचली आणि लिहिता लिहिता घोडं अडलं. पार्करची चोरी एकदा फसली तर तो भडकेल. दुसऱ्यांदा तीच वस्तू चोरायला पाठवलं तर कोणाचा तरी जीव घेईल. तिसऱ्यांदा पाठवलं तर वाचक हसतील, आणि पार्करवर वाचक हसले की तो पार्कर उरणार नाही. कल्पना चांगली होती, माणूस चुकीचा होता. मग वेस्टलेकने दुसरा माणूस शोधला: जॉन डॉर्टमंडर. हे नाव त्याला बारमधल्या एका जर्मन बिअरच्या पाटीवरून मिळालं.

डॉर्टमंडर पार्करइतकाच हुशार आहे. बेत आखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. फरक एवढाच की नशीब त्याच्याशी उभा दावा मांडून बसलंय, आणि ते त्याला ठाऊक आहे. पार्कर चिडला असता तिथे डॉर्टमंडर उसासा टाकतो, ‘मी यात नाही’ म्हणून उठून जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. गुन्हेगारी कथेतला नायक थकलेला, कंटाळलेला असू शकतो. पण दैवाशी वाद घालणं सोडून दिलेला, तरीही रोज कामावर हजर होणारा नायक दुर्मीळ. सिनेमाला हाच माणूस पडद्यावर उभा करायचा होता. तो कितपत जमला, ते पुढे येईलच.

कादंबरीचं यंत्र

कादंबरीत खडा पाचूचा आहे. पूर्वी एकच ब्रिटिश वसाहत असलेल्या आफ्रिकेतल्या दोन (काल्पनिक) देशांमध्ये त्यावरून वाद आहे. एकाच्या ताब्यात तो आहे आणि दुसऱ्याला तो हवाय. ज्याला हवाय त्याचा राजदूत मेजर आयको. तो डॉर्टमंडरला आणि त्याच्या मित्राला, केल्पला, कामावर ठेवतो. आठवड्याला पगार, वर खर्च, काम झालं की मोठी रक्कम. इथेच वेस्टलेकने पहिली गंमत पेरली आहे. या चोरांना चक्क नोकरी लागली आहे. दर वेळी बेत फसला की केल्प नव्या मागण्यांची यादी घेऊन मेजरच्या टेबलासमोर हजर होतो. आधी गणवेश आणि गाड्या, मग हेलिकॉप्टर, मग रेल्वेचं इंजिन. मेजरची तोंडं बघण्यासारखी होत जातात. कुठल्याही कचेरीत खर्चाची बिलं मंजूर करून घेतलेल्या माणसाला हे प्रसंग वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत.

टोळीत आणखी तिघं. कुलपं उघडणारा रॉजर चेफविक, ज्याला खेळण्यातल्या आगगाड्यांचं वेड आहे. ड्रायव्हर स्टॅन मर्च, जो कुठूनही आला तरी आधी कुठल्या रस्त्याने आलो आणि कुठे ट्रॅफिक लागला ते सांगतो, आणि घरी मोटार शर्यतींच्या आवाजांच्या रेकॉर्डी लावून ऐकतो. आणि ॲलन ग्रीनवुड, सगळ्या कामांत हात घालणारा. पहिली चोरी न्यूयॉर्क कोलिझियम या प्रदर्शन केंद्रात. ग्रीनवुड सापडतो, पण पकडला जाण्याआधी पाचू गिळतो. म्हणून त्याला तुरुंगातून सोडवायचं. सोडवल्यावर कळतं की पाचू पोलीस ठाण्यात लपवला आहे. म्हणून पोलीस ठाणं. तिथे कळतं की वकिलाने तो आधीच लांबवला. वकील स्वतः होऊन मनोरुग्णालयात भरती झालाय, म्हणून मनोरुग्णालय. मग बँक. बँकेनंतर मेजर शब्द फिरवतो, म्हणून विमानतळ.

या यंत्राची किल्ली एकाच गोष्टीत आहे. टोळी एकदाही नालायक ठरत नाही. कोलिझियममध्ये शिरायचं ठरलं, शिरले. तुरुंग फोडायचा ठरला, फोडला. पोलीस ठाण्यावर हल्ला, तोही यशस्वी. दर वेळी ऑपरेशन सक्सेसफुल आणि पेशंट दगावलेला. त्यामुळे वाचक चोरांना हसत नाही, परिस्थितीला हसतो, आणि चोरांबद्दलचा त्याचा आदर शाबूत राहतो. हा तोल सुटला की विनोदाचं माकडचाळ्यांत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

शिवाय या पायऱ्या कशा चढत जातात तेही बघा. चोर आयुष्यभर ज्या जागांपासून लांब पळतो, तिथेच हे लोक आपण होऊन शिरतात. तुरुंगातून बाहेर पडायची गोष्ट आपण शंभर वेळा ऐकली आहे. पोलीस ठाण्यात घुसायची गोष्ट मात्र नवी. १९७१ च्या एडगर पुरस्कारांत ‘द हॉट रॉक’ला सर्वोत्कृष्ट कादंबरीचं नामांकन होतं. विनोदी कादंबरीला गुन्हेगारी साहित्याच्या मुख्य पुरस्कारात अशी जागा सहसा मिळत नाही.

सहाच्या चार

गोल्डमनपुढची अडचण उघड होती. कागदावर सहा फेरे वाचताना कंटाळा येत नाही, कारण वेस्टलेकचं गद्य प्रत्येक फेऱ्याला वेगळा सूर लावतं, आणि पुस्तक मिटून उद्या पुढे वाचता येतं. सिनेमाचा प्रेक्षक खुर्चीला बांधलेला असतो. तिसऱ्यांदा खडा हुकला की तो पुढचं ओळखायला लागतो, आणि पाचव्यांदा तो आधीच हसून मोकळा झालेला असतो.

गोल्डमनने चार चोऱ्या ठेवल्या: संग्रहालय, तुरुंग, पोलीस ठाणं, बँक. मनोरुग्णालय आणि विमानतळ काढून टाकले. मनोरुग्णालय काढणं पुस्तकाच्या चाहत्यांना झोंबलं असणार, कारण कादंबरीतला सगळ्यात वेडा प्रसंग तोच आहे. टोळी रेल्वेचं इंजिन घेऊन जुन्या रुळांवरून थेट कुंपण तोडत आत घुसते, आणि आयुष्यभर खेळण्यातल्या गाड्या चालवलेला चेफविक पहिल्यांदाच खऱ्या इंजिनात उभा असतो. त्या माणसाचा आनंद वाचताना आपल्यालाही होतो.

तरीही हा प्रसंग गाळला ते बरोबर केलं असं माझं मत आहे, आणि कारण खर्चाचं नाही. बाकीच्या चारही जागांमध्ये खडा आहे, निदान आहे अशी टोळीची समजूत आहे. मनोरुग्णालयात फक्त वकील आहे. कादंबरीत हा वळसा खपतो. सिनेमात मात्र ‘आता खडा कुठे?’ हा एकच प्रश्न प्रेक्षकाला ओढत नेतो, आणि तो प्रश्न वीस मिनिटं बाजूला ठेवला असता तर गाडी रुळावरून घसरली असती.

इंजिन गेलं म्हणून चेफविकची गरज संपली, आणि कुलपं उघडण्याचं काम केल्पकडे आलं. हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. कादंबरीतला केल्प हा उत्साही, न थकणारा, नवनवीन कामं आणणारा मित्र. पहिल्याच प्रसंगात तो तुरुंगातून सुटलेल्या डॉर्टमंडरला घ्यायला चोरलेली कॅडिलॅक घेऊन येतो आणि गाडीतली बटणं न कळल्यामुळे त्याच्याच अंगावर घालायच्या बेतात असतो. सिनेमातला केल्प डॉर्टमंडरच्या बहिणीचा नवरा आहे. मित्र नकोसा झाला तर त्याच्याशी बोलणं टाकता येतं, मेव्हण्याचं काय करणार? कादंबरीत डॉर्टमंडर दर वेळी परत का येतो हे स्वभावातून समजून घ्यावं लागतं. सिनेमात ते नात्यानेच सुटतं. आणि जॉर्ज सीगलचा केल्प कुलपाशी बसला की घामाघूम होतो, बडबडतो, बोटं थरथरतात. त्याचं कौशल्य खरं आहे, पण त्याचा स्वतःचाच त्यावर भरवसा नाही. चेफविकच्या शांत हातांच्या जागी हे अस्वस्थ हात आल्यामुळे प्रत्येक कुलूप उघडेपर्यंत जीव टांगणीला लागतो.

पाचूचा हिरा झाला, कोलिझियमच्या जागी ब्रुकलिन म्युझियम आलं, मेजर आयकोचा डॉक्टर अमूसा झाला. यातल्या शेवटच्या बदलात मात्र थोडं हरवलं. कादंबरीत एकाच वसाहतीचे दोन तुकडे एका दगडावरून भांडतात, त्यात ब्रिटिश राजवटीनंतरच्या जगाला काढलेला चिमटा आहे. सिनेमात मोझेस गनचा अमूसा रुबाबदार आहे, पण त्याच्या देशाचा दावा निव्वळ निमित्त म्हणून उरतो. संग्रहालयांतल्या वस्तू मूळ देशांना परत करण्यावरून आज जी चर्चा चालते, ती डोक्यात ठेवून सिनेमा बघितला तर ही पोकळी जास्तच जाणवते.

वकील झाला बाप

गोल्डमनचा सगळ्यात चांगला निर्णय इथे आहे. कादंबरीत वकील प्रॉस्कर हा बाहेरचा माणूस, लबाड, पुढे मेजरला सामील होणारा. सिनेमात ॲलनचं आडनाव ग्रीनबर्ग झालंय आणि वकील एब ग्रीनबर्ग हा त्याचा सख्खा बाप आहे. भूमिकेत झीरो मोस्टेल, म्हणजे पडद्यावर आला की बाकीच्यांना अंग चोरून उभं राहावं लागेल असा नट.

नुसता नातेसंबंध जोडून विनोद होत नाही. तो होतो कसा, ते लिफ्टच्या पोकळीच्या प्रसंगात बघावं. टोळीला कळलंय की हिरा एबने लंपास केला. त्याच्या तोंडून जागा काढून घ्यायची आहे. त्याला एका ओसाड इमारतीत नेतात. एक धिप्पाड माणूस ॲलनला लिफ्टच्या रिकाम्या पोकळीत फेकायची धमकी देतो. एब गप्प. पोराची किंकाळी ऐकू येते. एब तरी गप्प. मग धिप्पाड माणूस एबकडे वळतो, आणि तेव्हा कुठे बापाची वाचा फुटते.

अर्थात हे सगळं नाटक आहे, पोरगा सुखरूप आहे. पण त्या दोन मिनिटांत एब ग्रीनबर्ग किती पाण्यात आहे ते कळतं, आणि ते त्याच्या पोरालाही कळतं. प्रॉस्करने टोळीला फसवलं तर तो एक लबाड वकील. बापाने पोराचा जीव हिऱ्यापुढे कमी लेखला, तर तो प्रसंग हसवतो आणि हसता हसता बोचतो. मोस्टेल इथे नेहमीचे डोळे फिरवणं, गाल फुगवणं आवरतं घेतो. भेदरलेला, पण आतून हिशेब करणारा म्हातारा त्याने उभा केला आहे. सिनेमातला सगळ्यात निर्दयी विनोद हाच आणि तो मूळ पुस्तकात नाही. रूपांतर करताना पुस्तकाशी ‘प्रामाणिक’ राहण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर बघावा.

चोरांनी हसायचं नाही

आता मुद्द्याचं. केपर, म्हणजे बेत आखून केलेल्या चोरीची गोष्ट, विनोदी करायची तर त्यातली चोरी अजिबात विनोदी असून चालत नाही. वेस्टलेकला हे लिहून लिहून कळलं होतं. त्याने आठ-दहा वर्षं पार्करच्या हातून गंभीर दरोडे घडवले होते. कुलूप किती वेळात उघडतं, पहारेकरी कुठल्या दारातून येतो, गाडी कुठे उभी करायची, हे सगळं डॉर्टमंडरच्या पुस्तकातही तितक्याच काटेकोरपणे आहे. वेस्टलेकने एक गोष्ट बदलली: शेवटी हाती काय लागतं.

निर्मात्यांनी यासाठी पीटर येट्सला घेतलं हे त्यांचं शहाणपण किंवा नशीब. येट्सची ओळख विनोदी सिनेमांसाठी नव्हती. इंग्लंडमधल्या १९६३ च्या गाजलेल्या रेल्वे दरोड्यावर बेतलेला ‘रॉबरी’ त्याने १९६७ मध्ये केला होता, आणि पुढच्या वर्षी ‘बुलिट’, ज्यातला सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा मोटारींचा पाठलाग अजूनही दाखले म्हणून दाखवतात. असा माणूस विनोद करायला गेला की एक तर सगळं कोरडं होतं, नाही तर तो विनोदाच्या वाटेला जातच नाही. येट्स दुसऱ्या वाटेने गेला. संग्रहालयाचा प्रसंग त्याने एखाद्या गंभीर दरोडापटासारखाच चित्रित केला. मर्च बाहेर अपघाताचं सोंग करून पहारेकऱ्यांना गुंतवतो. आत हिऱ्यावरची काचेची अवजड पेटी उचलून धरलेली, ॲलन तिच्याखाली सरपटत गेलेला. पेटी हातातून सुटते आणि ॲलन हिऱ्यासकट काचेच्या आत अडकतो. पहारेकरी धावत येतायत. बाहेरचे दोघं आत बघतात, आतला बाहेर बघतो. कोणी तोंड वेडंवाकडं करत नाही. कॅमेरा जवळ जाऊन ‘आता हसा’ असं सांगत नाही. संग्रहालयात मांडून ठेवलेल्या वस्तूसारखा तो माणूस काचेत बसलाय, एवढंच आपल्याला दिसतं.

संकलनाचाही यात वाटा मोठा आहे. फ्रँक केलर आणि फ्रेड बर्जर यांना त्या वर्षी संकलनाचं ऑस्कर नामांकन मिळालं. स्पर्धेत ‘द गॉडफादर’ आणि ‘कॅबरे’ होते, आणि पुरस्कार ‘कॅबरे’ला गेला. विनोदी सिनेमाचं संकलन सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. इथे ते आलं, कारण फसण्याचा क्षण कुठे कापायचा यावर सगळं हसू अवलंबून आहे. अर्धा सेकंद जास्त थांबलं तर प्रसंग केविलवाणा होतो.

हेलिकॉप्टरच्या प्रसंगात मात्र येट्सचाही हात सैल सुटला. पोलीस ठाण्याच्या गच्चीवर उतरायचं आहे, चालवायला मर्च आहे, आणि जमिनीवर काहीही चालवणारा हा गडी हवेत जरा चाचपडतो. आधी चुकीच्या गच्चीवर उतरतात आणि पत्ता विचारतात, हे झकास. पण त्याआधी मॅनहॅटनवरून घेतलेल्या चकरा फार लांबतात. विनोद थांबतो आणि पर्यटन सुरू होतं. गंमत अशी की आज हाच भाग लोक आवर्जून बघतात, कारण त्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे अर्धवट बांधलेले दिसतात. सिनेमाच्या दृष्टीने दोष, शहराच्या दृष्टीने दस्तऐवज.

रेडफर्डचं काय करायचं?

वेस्टलेकचा डॉर्टमंडर पडेल खांद्यांचा, मरगळलेला माणूस आहे. १९७२ मधला रॉबर्ट रेडफर्ड तसा दिसणं शक्यच नव्हतं. ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ला तीन वर्षं झाली होती, तीही गोल्डमनचीच पटकथा. रेडफर्ड तुरुंगातून बाहेर आला काय किंवा राजवाड्यातून, फरक कळत नाही. दैवाने ज्याचा पिच्छा पुरवलाय असा माणूस या चेहऱ्यात कुठून आणायचा?

सिनेमाने काढलेला तोडगा म्हणजे पोटदुखी. या डॉर्टमंडरला जठराचा त्रास आहे, आणि बेत बिघडला की त्याचं पोट बिघडतं. कल्पना वाईट नाही, नटाला हाताशी काही तरी मिळतं. पण पोटदुखी औषधाने बरी होते. पुस्तकातल्या डॉर्टमंडरला आहे त्या दुखण्यावर औषध नाही. रेडफर्डने प्रामाणिकपणे काम केलंय, आवाज खाली ठेवलाय, चेहरा आखडलाय. तरी त्याच्याकडे बघताना ‘याचं शेवटी भलंच होणार’ ही खात्री मनातून जात नाही. आणि होतंही तसंच.

बँकेचा प्रसंग आठवा. हिरा एबच्या सेफ डिपॉझिट लॉकरमध्ये आहे. तिथे एबशिवाय कोणाला प्रवेश नाही. टोळी मियास्मो नावाच्या संमोहनकाराला कामाला लावते, पहारेकऱ्याला लिफ्टमध्ये गाठून संमोहित करते, आणि एक निरर्थक सांकेतिक वाक्य त्याच्या डोक्यात पेरते: ‘अफगाणिस्तान बनाना स्टँड’. हे वाक्य ऐकलं की पहारेकरी समोरचा सांगेल ते करेल. हा भाग थेट पुस्तकातला. मला तो पुस्तकातही थोडा खटकला होता. आधीच्या चोऱ्यांत कुलपं, वेळ, अंगमेहनत होती. इथे मंत्र म्हटला आणि दार उघडलं. पडद्यावर तो खपतो एकाच कारणाने: रेडफर्डला ते बावळट वाक्य अगदी हळू, गंभीर चेहऱ्याने उच्चारावं लागतं, आणि त्या एका क्षणी तो खरोखर डॉर्टमंडर वाटतो. आपण काय बोलतोय याची त्याला लाज वाटतेय, पण काम आहे म्हणून बोलतोय.

मग शेवट. एब आणि अमूसा आपापसात सौदा करून बँकेत येतायत, आणि डॉर्टमंडर हिरा खिशात घालून बाहेर पडतोय. पार्क अव्हेन्यूवरून तो चालत निघतो. संवाद नाहीत, फक्त क्विन्सी जोन्सचा जॅझ. आधी चाल जपून, मग सैल, मग जवळजवळ उड्या. वाट बघत थांबलेल्या टोळीच्या गाडीत तो शिरतो आणि सिनेमा संपतो.

अमेरिकन स्टुडिओला असा शेवट करता येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. १९६८ पर्यंत हॉलिवूडमध्ये जी निर्मितीसंहिता होती, तिच्यानुसार पडद्यावरच्या गुन्हेगाराला शेवटी शिक्षा व्हायलाच हवी होती. त्यामुळे आधीच्या कितीतरी दरोडापटांत चोरी जमते आणि शेवटच्या रिळात पैसे वाऱ्यावर उडून जातात. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून संहितेच्या जागी वयानुसार वर्गीकरण आलं. येट्सच्या चोराला सुटायला आता कोणाची आडकाठी नव्हती.

ती चाल सुंदर आहे, कितीही वेळा बघावी. पण तिने डॉर्टमंडर बदलला. पुस्तकात त्याच्या वाट्याला काही आलं तरी ते इतका घोळ झाल्यावर आणि इतक्या उशिरा येतं की जिंकल्यासारखं वाटू नये. सिनेमाने त्याला निखळ, उघड विजय दिला. माझ्या मते रेडफर्डला घेतल्यावर दुसरा शेवट शक्यच नव्हता. तो चेहरा हरला असता तर प्रेक्षकाने लेखकाला दोष दिला असता, दैवाला नाही. नट निवडला त्याच दिवशी शेवटही ठरला, आणि गोल्डमन-येट्सनी तो नाइलाज चार मिनिटांच्या शुद्ध आनंदात बदलला, हे त्यांचं कसब.

त्यानंतर

इंग्लंडमध्ये सिनेमा ‘चार अवघड धड्यांत हिरा कसा चोरावा’ अशा अर्थाच्या लांबलचक नावाने लागला. नावातच चोऱ्यांचा आकडा सांगून टाकण्याचा हा कारभार मला कधी कळला नाही. तिसरी चोरी जमेल की नाही, याची धाकधूक तिकीट काढतानाच संपली.

दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, डॉर्टमंडरच्या दुसऱ्या कादंबरीवर ‘बँक शॉट’ आला. कल्पना पहिलीपेक्षाही भन्नाट: इमारतीची दुरुस्ती चालू असल्याने बँक तात्पुरती चाकांवरच्या घरात हलवली आहे, तर बँक लुटायची कशाला, अख्खी बँकच ओढून न्यावी. दिग्दर्शक गॉवर चॅम्पियन, मूळचा नर्तक आणि नृत्यदिग्दर्शक. मुख्य भूमिकेत जॉर्ज सी. स्कॉट, ज्याच्या थकल्याभागल्या चेहऱ्यात रेडफर्डपेक्षा डॉर्टमंडर कितीतरी जास्त सापडला असता. पण त्याला दाट भुवया चिकटवल्या, पात्राचं नाव बदलून बॅलंटाइन केलं, आणि सगळ्यांनी पहिल्या मिनिटापासून विनोदी व्हायचं ठरवलं. चाकांवरची बँक पळवणं ही मुळातच इतकी हास्यास्पद गोष्ट आहे की ती करणाऱ्यांनी घामाघूम होऊन, नकाशे पसरून, गंभीरपणे करायला हवी. इथे चोरांनाच हसू येतंय. मग आपण काय करायचं?

पुढेही प्रयत्न झाले. १९९० च्या ‘व्हाय मी?’मध्ये क्रिस्टोफर लॅम्बर्ट होता आणि २००१ च्या ‘व्हॉट्स द वर्स्ट दॅट कुड हॅपन?’मध्ये मार्टिन लॉरेन्स. दोन्हींत डॉर्टमंडर हे नावसुद्धा उरलं नाही. वेस्टलेक मात्र २००८ च्या अखेरीस मरेपर्यंत त्याच्यावर लिहीत राहिला. चौदावी आणि शेवटची डॉर्टमंडर कादंबरी ‘गेट रिअल’ २००९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आली. तिच्यात एक रिअ‍ॅलिटी शोवाले डॉर्टमंडरच्या टोळीला कॅमेऱ्यासमोर खरी चोरी करायला सांगतात.